‘पगार’ बंद होईल का?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात निराधार योजनांच्या पैशांना पगार म्हणायची पद्धत आहे. ‘श्रावणबाळचा पगार जमा झाला का?’, ‘संजय गांधीचा पगार दोन महिने थकलाय’, असं बँकेच्या रांगेत सर्रास ऐकू येतं. शब्द ऐकायला गमतीचा आहे, पण खरा घोळ त्यातच आहे. घरातल्या दिव्यांग मुलाला किंवा मुलीला खऱ्याखुऱ्या पगाराची नोकरी चालून येते, तेव्हा पहिला प्रश्न नोकरीबद्दलचा नसतोच. ‘मग आपला पगार बंद होईल का?’ असा असतो.

मागच्या वर्षी पाथर्डी तालुक्यातल्या एका घरी हाच प्रश्न माझ्यासमोर आला. मुलगा सत्तावीस वर्षांचा, लहानपणच्या अपघातात एक पाय गुडघ्यापासून आखडलेला, सर्टिफिकेट बावन्न टक्क्यांचं. एमएससीआयटी झालेला, टायपिंग बरं. सुप्याच्या एमआयडीसीत एका गोदामाच्या स्टोअरवर कॉम्प्युटरचं काम होतं, महिना चौदा हजार. मुलगा जायला तयार होता, आई नव्हती. तिचं म्हणणं सरळ होतं : ‘नोकरी आज आहे, उद्या नाही. हा पगार सरकारचा आहे. एकदा तुटला तर परत कोण चालू करून देणार?’

आईला अडाणी समजून पोराला बॅग भरायला सांगणं सोपं होतं. पण ती चुकीचं बोलत नव्हती. मूळ मंजुरीसाठी तिने तहसीलच्या किती चकरा मारल्या होत्या ते तिलाच ठाऊक. म्हणून उपदेश न करता तिची कागदांची पिशवी मागून घेतली आणि खाटेवर कागदांचे दोन ढीग केले. या लेखात तेच दोन ढीग तुमच्यासाठी मांडतो. कारण दिव्यांगांसाठीच्या बहुतेक सवलतींचं कोडं एका प्रश्नाने सुटतं : ही गोष्ट टक्क्यावर मिळते की उत्पन्नावर?

टक्क्यावर मिळणारी गोष्ट नोकरी लागली म्हणून जात नाही. उत्पन्नावर मिळणारी जाऊ शकते. सगळ्यांना वाटतं की दुसरा ढीग मोठा असणार. त्या आईच्या खाटेवर त्यात दोनच कागद पडले.

आधी त्या लहान ढिगाकडे पाहू, कारण भीती तिथेच आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्याला ऑक्टोबर 2025 पासून महिन्याला 2,500 रुपये मंजूर आहेत. त्याआधी ते 1,500 होते. वय 18 ते 65, अपंगत्व किमान 40 टक्के आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य या अटी आहेतच. कळीची अट उत्पन्नाची. इतर निराधारांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांपर्यंत चालतं, दिव्यांगांसाठी ही मर्यादा 50,000 आहे. म्हणजे महिन्याला चार हजार एकशेच्या आसपास. आजच्या काळात कुठलीही पूर्णवेळ नोकरी धरली तरी ही रेघ ओलांडली जाते. तेव्हा प्रामाणिक उत्तर असं : हो, पूर्णवेळ नोकरी लागली की हे पैसे थांबणार. यात मधली वाट नाही. उत्पन्न 49,000 असेल तर पूर्ण रक्कम, 51,000 झालं की शून्य.

आता हिशेब. वर्षाचे 2,500 गुणिले बारा म्हणजे 30,000 जाणार. सुप्याच्या नोकरीचे वर्षाला 1,68,000 येणार. त्यातून खोली आणि मेस धरून महिना सहा हजार, म्हणजे वर्षाचे 72,000 वजा करा. निराधारचे गेलेले 30,000 वजा करा. तरी 66,000 उरतात. पीएफची कपात यातूनच जाईल, पण ते पैसे त्याच्याच नावावर साठतात आणि मालकही त्यात आपला वाटा टाकतो. मी हे आकडे कॅलेंडरच्या मागे लिहिले. आईने दोनदा वाचून घेतले.

पण हाच हिशेब सगळीकडे असा सुटत नाही. एक खड्डा आहे, तो नीट पाहून घ्या. समजा एका घराचं उत्पन्न 48,000 आहे आणि निराधारचे 30,000 मिळतात, एकूण 78,000. घरातल्या दिव्यांग बाईने शिवणकाम वाढवलं आणि उत्पन्न 60,000 झालं. तिने बारा हजार जास्त कमावले, पण अनुदान गेल्याने घरात 60,000च आले. जास्त राबून अठरा हजारांचा तोटा. उत्पन्न ऐंशी हजारांच्या आसपास जाईपर्यंत हा तोटा भरून निघत नाही. त्यामुळे पन्नास ते ऐंशी हजार हा पट्टा धोक्याचा समजा. या पट्ट्यात अडकवणारं काम आलं तर दोनच गोष्टी विचारा : हे काम वर्ष-दोन वर्षांत वाढणार आहे का? यात पीएफ आणि ईएसआय आहे का? दोन्हीची उत्तरं नाही असतील तर थोडं थांबण्यात काही गैर नाही. एकालाही हो असेल तर खड्डा ओलांडायची तयारी करा.

साखर कारखान्याच्या हंगामी कामातही हाच पेच येतो. वजनकाट्यावर किंवा गटात स्लिपबॉय म्हणून चार-पाच महिने काम मिळतं आणि उन्हाळ्यात पुन्हा रिकामं. उत्पन्न मात्र वर्षाचं धरतात. महिना दहा हजारांनी पाच महिने म्हणजे 50,000. हंगाम पंधरवडा लांबला की रेघेपार. अशांनी महिन्याचा आकडा पाहू नये, वर्षाची बेरीज पाहावी.

इथे थोडं मनातलं लिहितो. अमेरिकेत अपंगत्वाचं पेन्शन घेणारा माणूस कामाला लागला तर पहिले नऊ महिने ‘करून बघण्याचे’ धरतात. त्या काळात कमाई कितीही झाली तरी पेन्शन चालू राहतं. तिथल्या गरिबांसाठीच्या दुसऱ्या योजनेत कमाईतले पहिले 65 डॉलर सोडून देतात आणि पुढच्या कमाईच्या निम्मीच रक्कम अनुदानातून कापतात. तिथेही माणसं कागदांनी बेजार आहेत, पण कडा एकदम तुटत नाही, उतार आहे. आपल्याकडे असा उतार करायला फार मोठा पैसा लागणार नाही. नोकरी लागलेल्याचं नाव वर्षभर ‘रद्द’ न करता ‘स्थगित’ ठेवलं आणि नोकरी सुटली तर एका अर्जावर ते पुन्हा चालू केलं, एवढं झालं तरी पाथर्डीच्या त्या आईची निम्मी भीती जाईल. जून 2025 मध्ये प्रहार जनशक्ती पक्षाच्या बच्चू कडूंनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं तेव्हा दिव्यांगांबद्दलची चर्चा मानधन वाढवण्यावर झाली. वाढ झाली, चांगलं झालं. पण रक्कम वाढली की कडाही उंच होतो. 1,500 सोडून नोकरीला जाणं आणि 2,500 सोडून जाणं यात फरक आहे.

मोह होतो तो नोकरी लपवण्याचा. ‘पगार रोख हातावर देतो, रजिस्टरला नाव नको’, असं काही मालक स्वतःच सुचवतात. त्यांचा पीएफ वाचतो. तुमचं मात्र तीन ठिकाणी नुकसान होतं. पीएफ नाही, ईएसआय नाही आणि अपघात झाला तर तुम्ही तिथे कामाला होता याचा पुरावा नाही. शिवाय अनुदान आता आधारला जोडलेल्या खात्यात येतं आणि पीएफचा नंबरही त्याच आधारवर निघतो. लपवलेलं फार दिवस लपत नाही, आणि उघडं पडलं की वसुली निघते. खोटी माहिती देऊन दिव्यांगांचा लाभ घेणं हा 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 91खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

लहान ढिगातला दुसरा कागद रेशनकार्ड. प्राधान्य कुटुंबाची उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात 44,000 आणि शहरात 59,000 आहे. म्हणजे उत्पन्नाचा एकच नवा दाखला दोन्हीकडे परिणाम करतो. धान्य गेलं तर त्याची बाजारभावाने किंमत धरून वरच्या हिशेबात वजा करा. पण दवाखान्याची काळजी करू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजना 2024 पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख. कार्डाचा रंग बदलला म्हणून ऑपरेशन अडत नाही. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा आहे. तोही अपंगत्वाच्या प्रकारावर मिळतो.

आणखी एक. संजय गांधीचे पैसे घेणाऱ्या बाईला लाडकी बहीणचे पैसे मिळत नाहीत. दोन्ही एकदम चालू असतील तर आज ना उद्या प्रश्न येणार. दिव्यांग बाईसाठी 2,500 हे लाडकी बहीणच्या 1,500पेक्षा जास्तच आहेत, तेव्हा कुठला लाभ ठेवायचा हे सांगायला नको.

आता मोठा ढीग. हे कागद हाताळताना मला हायसं वाटतं.

एसटीचा पास घ्या. 40 टक्क्यांच्या पुढे असलेल्या दिव्यांगाला प्रवासभाड्यात 75 टक्के सवलत आहे. 65 टक्क्यांच्या पुढे असेल तर सोबत्याला निम्मं तिकीट. पगार चौदा हजार असो की चाळीस, सवलत तीच. जामखेडहून किंवा अकोले तालुक्यातून कामासाठी ये-जा करणाऱ्याला वर्षभरात ही रक्कम निराधारच्या पैशांच्या जवळपास जाऊ शकते, याचा कोणी हिशेबच करत नाही.

मग व्यवसाय कर. महाराष्ट्रात पगारदाराचा महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे असा वर्षाला 2,500 रुपये व्यवसाय कर कापला जातो. 40 टक्के कायम अपंगत्व असलेल्याला तो माफ आहे, आणि दिव्यांग मुलाच्या आई-वडिलांनाही. माफी आपोआप मिळत नाही, कंपनीच्या पगारविभागात सर्टिफिकेट द्यावं लागतं. किती दिव्यांग कर्मचारी वर्षानुवर्षं हे 2,500 कापून घेतात, देव जाणे. मी तर पगाराची स्लिप हातात आली की आधी ‘पीटी’चा रकाना बघतो.

आयकरात जुन्या पद्धतीने विवरणपत्र भरणाऱ्या दिव्यांगाला 75,000 आणि 80 टक्क्यांच्या पुढे 1,25,000 रुपयांची वजावट आहे. नव्या पद्धतीत ती नाही, पण नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत करच लागत नाही, त्यामुळे बहुतेकांना हा प्रश्न पडणारच नाही.

ईएसआयची गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. साध्या कामगाराचा पगार 21,000च्या वर गेला की तो ईएसआयच्या बाहेर पडतो. दिव्यांग कामगाराची मर्यादा 25,000 आहे. नागापूर किंवा सुपा एमआयडीसीत बावीस-तेवीस हजारांच्या पगारावर गेलेल्या दिव्यांगाचं नाव ‘मर्यादा ओलांडली’ म्हणून चुकून काढलं गेलं तर हा आकडा दाखवा.

साहित्याचं म्हणाल तर उत्पन्नाची अट आहे, पण ती नोकरदाराला परवडणारी आहे. केंद्राच्या ॲडिप योजनेत महिना 22,500पर्यंत उत्पन्न असेल तर कृत्रिम पाय, कॅलिपर, श्रवणयंत्र, तीनचाकी पूर्ण मोफत मिळते. 22,500 ते 30,000 असेल तर निम्म्या किमतीत. चौदा हजारांवाल्याला नवा कॅलिपर फुकटच मिळणार. ‘आता तू कमावता झालास, तुला कशाला’, असं शिबिरात कोणी म्हणालं तर ते त्या माणसाचं मत समजा, नियम नव्हे.

ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. गावात हा निधी कधी पाचशेच्या पाकिटात संपतो, कधी कपाटात पडून राहतो. तुमचं नाव ग्रामपंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीत आहे की नाही ते बघा आणि ग्रामसभेत विचारा : यंदा स्वउत्पन्न किती, त्याचे पाच टक्के किती झाले, खर्च कशावर? नोकरदार दिव्यांगाने हा प्रश्न विचारणं जास्त बरं. त्याला कोणी ‘पैशासाठी बोलतोय’ म्हणू शकत नाही.

सरकारी नोकरीचं थोडक्यात सांगतो, कारण यावर क्लासवाले भरपूर बोलतात. चार टक्के आरक्षण आहे. अंध-अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि चलनवलन अपंगत्व यांना प्रत्येकी एक, आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांगता यांना मिळून एक. राज्याच्या भरतीत वयोमर्यादा 45पर्यंत. परीक्षेत लेखनिक घेता येतो आणि तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. राज्याने एप्रिल 2023 मध्ये पदोन्नतीतही चार टक्के लागू केले. खासगी कंपन्यांवर असं आरक्षण नाही. कायदा त्यांना फक्त समान संधीचं धोरण लिहून ठेवायला सांगतो.

ज्यांना नोकरीपेक्षा धंदा बरा वाटतो त्यांच्यासाठी जिल्हा परिषदेची बीजभांडवल योजना आहे. दीड लाखापर्यंतचा व्यवसाय, त्यातले 80 टक्के बँकेचं कर्ज, 20 टक्के म्हणजे जास्तीत जास्त 30,000 अनुदान. उत्पन्नमर्यादा एक लाख. दिव्यांग वित्त व विकास महामंडळाची कर्जं आणि ई-वाहनावरच्या फिरत्या दुकानाची योजनाही आहे, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. इथे लोक एक चूक करतात. कर्ज खात्यावर आलं की ‘आता आपलं उत्पन्न दीड लाख झालं’ असं घाबरून सांगतात. कर्ज हे उत्पन्न नव्हे. उत्पन्न म्हणजे माल, भाडं, हप्त्याचं व्याज काढून उरलेला नफा. दुकानाची रोजची वही ठेवा. दाखला काढताना तोंडी अंदाजापेक्षा वही कामाला येते. चहाच्या टपरीचा रोजचा गल्ला बाराशे असला तरी दूध-साखर-गॅस काढून हातात तीनशेच राहतात, हे वहीशिवाय कोणाला पटवणार?

आता नगरला खास लागू होणारी गोष्ट. हे फौजेचं गाव आहे. आर्मर्ड कोअर सेंटर इथे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र (एमआयआरसी) इथे, आणि पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डी या तालुक्यांत सेवानिवृत्त जवानांची घरं गावोगाव. यातल्या काही घरांत दिव्यांग मुलं आहेत आणि त्यांचं भवितव्य बापाच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाशी बांधलेलं आहे. साधारणपणे मुलाला हे वेतन 25 वर्षांपर्यंत मिळतं. उदरनिर्वाह न करू शकणाऱ्या दिव्यांग मुलाला किंवा मुलीला आयुष्यभर. ‘उदरनिर्वाह न करू शकणाऱ्या’ या शब्दांनी कित्येकांचे पाय घरात बांधले. चार पैसे कमावले की वेतन जाईल म्हणून मुलाला गिरणीवर बसवायलाही बाप तयार नसायचा.

आधी उत्पन्नाची मर्यादा महिना 9,000 आणि त्यावरचा महागाई दिलासा, एवढीच होती. 8 फेब्रुवारी 2021च्या आदेशाने केंद्राने ती बदलली. आता दिव्यांग अपत्याचं इतर मार्गांनी येणारं उत्पन्न, मृत कर्मचाऱ्याच्या शेवटच्या पगाराच्या 30 टक्के अधिक त्यावरचा महागाई दिलासा, याहून कमी असेल तर कुटुंबनिवृत्तिवेतन चालू राहतं. सप्टेंबर 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने हाच निकष सैन्यदलातल्या निवृत्तिवेतनधारकांच्या दिव्यांग अपत्यांना आणि भावंडांनाही लागू केला. उदाहरण घ्या. वडिलांचा शेवटचा मूळ पगार 40,000 असेल तर 30 टक्के म्हणजे 12,000, आणि त्यावर त्या वेळचा महागाई दिलासा. मुलगी दूधसंकलन केंद्रावर फॅट मशिनच्या नोंदी करून महिना दहा हजार कमावत असेल तर तिची नोकरीही राहते आणि निवृत्तिवेतनही. आपल्या सगळ्या योजनांत ‘काम करा आणि लाभही ठेवा’ याच्या सर्वांत जवळ जाणारा नियम हाच आहे, आणि गावात तो फारसा कोणाला माहीत नाही.

दोन गोष्टी मात्र वडील हयात असतानाच करा. दिव्यांग अपत्याचं नाव पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओवर, चढवून घ्या. ते गेल्यानंतर हेच काम करायला भावंडांना वर्षं लागतात. दुसरं, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात अपंगत्वाचं स्वरूप नीट लिहून घ्या. फौजेच्या घरांनी यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे आहेत, त्यात केंद्राचा आकडा लावू नका. वडिलांच्या खात्याकडून लेखी उत्तर घेऊनच मुलाला कामावर पाठवा.

नोकरीत असताना अपंगत्व आलं तर? दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 सांगतं की सरकारी आस्थापनेला त्या कारणाने कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, आणि तसं पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणाच्या परिवहन महामंडळातल्या रंगांधळ्या ठरलेल्या चालकाला पर्यायी काम द्यायला सांगितलं. ‘सरकारी आस्थापना’ या शब्दात अनुदानित संस्थाही येतात. अनुदानित शाळेतल्या शिपायाला अपघातानंतर राजीनामा लिहून द्यायला सांगत असतील तर त्याने सही करू नये. सही केली की हे कलम वापरणं अवघड होतं.

कारखान्यात यंत्रावर बोटं गेली, हात गेला, तर ईएसआयचा कायम अपंगत्व लाभ मिळतो. पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या 90 टक्के, अंशतः असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या प्रमाणात. तो आयुष्यभराचा आहे आणि पुन्हा कामाला लागलात तरी चालूच राहतो. म्हणून रजिस्टरवर नाव हवं.

हे सगळं ज्या एका कागदावर उभं आहे त्याच्याबद्दल आता. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र. त्यावरची पट्टी पांढरी म्हणजे 40 टक्क्यांच्या आत, पिवळी म्हणजे 40 ते 79, निळी म्हणजे 80 आणि पुढे. अर्ज ऑनलाइन, तपासणी सिव्हिलला. सर्टिफिकेटवर ‘तात्पुरतं’ असेल तर मुदतीची तारीख पाहा आणि ती संपायच्या आधी दोन महिने सिव्हिल गाठा. नोकरीत असताना मुदत संपली तर सगळ्या सवलती एकदम अडकतात. जुन्या सर्टिफिकेटवर अहमदनगर लिहिलंय, आता जिल्हा अहिल्यानगर झाला, म्हणून एजंट पैसे मागत असतील तर देऊ नका. नाव बदललं म्हणून प्रमाणपत्र रद्द होत नाही. 2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणात आपल्याच जिल्ह्यातून निघालेल्या प्रमाणपत्रांची चर्चा दिल्लीपर्यंत गेली, आणि पुढे नोकरदार दिव्यांगांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी वाढली. ज्याचं खरं आहे त्याने फेरतपासणीची नोटीस आली म्हणून घाबरू नये, पण जुने केसपेपर, एक्स-रे, ऑपरेशनचे कागद जपून ठेवावेत. वीस वर्षांपूर्वीच्या अपघाताचा पुरावा तेच असतात.

नोकरी पक्की झाली की करायचं ते असं. नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर, त्याआधी नाही, तहसीलदारांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा. संजय गांधी शाखेत द्या. मजकूर चार ओळींचा : मी अमुक योजनेचा लाभार्थी आहे, अमुक तारखेपासून खासगी नोकरीत रुजू होत आहे, माझं उत्पन्न मर्यादेबाहेर जाणार असल्याने लाभ थांबवावा, नोकरी सुटल्यास मी पुन्हा अर्ज करीन. शेवटच्या वाक्याने हक्क मिळत नाही, पण पुढे पुन्हा अर्ज कराल तेव्हा तुम्ही लपवलं नव्हतं हे त्यावरून दिसतं. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. पैसे त्यानंतरही एक-दोन महिने येत राहिले तर खर्च करू नका, मागितले की परत देता येतील.

नोकरी सुटली तर दुसऱ्याच आठवड्यात हालचाल करा. कंपनीचं कामावरून कमी केल्याचं पत्र, त्यावर चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आणि नवा अर्ज. दाखला हातात आला की त्यात कोणाकोणाचं उत्पन्न धरलंय ते तिथेच उभ्याने वाचा. वेगळ्या राहणाऱ्या भावाची कमाई तुमच्या दाखल्यात घुसल्याचं नंतर कळलं तर दुरुस्तीला महिना जातो. अर्ज पडून राहिला तर तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. तिथेही काही झालं नाही, किंवा प्रश्न नोकरीतल्या भेदभावाचा असेल, तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. वकील लागत नाही, साध्या अर्जावर सुनावणी होते.

पाथर्डीचा मुलगा सुप्याला गेला. अर्ज आईनेच तहसीलला नेऊन दिला, शिक्काही तिनेच मारून घेतला. परत येताना रिक्षात बसल्यावर तिने प्रत पिशवीत ठेवली, कार्डाशेजारी, आणि विचारलं, ‘हा कागद किती दिवस सांभाळायचा?’ नोकरी आहे तोवर, म्हटलं, आणि सुटली तर पुन्हा मंजुरी येईपर्यंत. तिने पिशवीला गाठ मारली.